डॉक्युमेंट व्हॅलिड आहे, तरी क्वेरी टाइपवर का अडते?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुस्तक वितरणाची यादी तुमच्याकडे एक्सएमएलमध्ये येते, म्हणजे प्रत्येक माहितीभोवती नावाची खूण (एलिमेंट) असलेल्या मजकुराच्या फाइलमध्ये. स्कीमात, म्हणजे फाइलमध्ये काय कसं असावं हे सांगणाऱ्या नियमांत, ‘किंमत’ हा एलिमेंट डेसिमल (नेमका दशांश आकडा) आहे असं लिहिलेलं आहे. आलेली फाइल स्कीमाविरुद्ध तपासली, एकही चूक निघाली नाही, म्हणजे ती व्हॅलिड आहे. मग एक्सक्वेरीत (एक्सएमएलमधून माहिती काढायच्या भाषेत) एक फंक्शन लिहिलं, त्याचा पॅरामीटर ‘एलिमेंट(किंमत, एक्सएस:डेसिमल)’, म्हणजे डेसिमल टाइपचा ‘किंमत’ एलिमेंट, असा ठेवला आणि त्याच फाइलमधली किंमत त्याला दिली, तर प्रोसेसर (क्वेरी चालवणारा प्रोग्राम) म्हणतो टाइप जुळत नाही. दुसऱ्या एका क्वेरीत किमतीच्या उतरत्या क्रमाने यादी मागितली, तर ९५ रुपयांचं पुस्तक १००० रुपयांच्या पुस्तकाच्या वर येऊन बसलं. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, की मग स्कीमा लिहिण्याचा उपयोग काय.

या दोन तक्रारी वेगळ्या वाटतात, पण मूळ एकच आहे. ‘डॉक्युमेंट व्हॅलिड आहे’ आणि ‘क्वेरीला या एलिमेंटचा टाइप माहीत आहे’ ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं खरं असलं म्हणून दुसरं आपोआप खरं होत नाही. मी गेली बरीच वर्षं प्रकाशन आणि वितरणाच्या डेटावर काम करतोय, आणि चांगल्या अनुभवी लोकांनाही इथेच अडखळताना पाहिलंय. म्हणून जरा सविस्तर लिहितो. (एलिमेंटची नावं, कीवर्ड आणि आकडे वाचायला सोपे जावेत म्हणून देवनागरीत लिहितोय. प्रत्यक्ष डेटात आकडे इंग्रजी अंकांतच हवेत. त्यामागचं कारण पुढे येईल.)

सोनाराचं उदाहरण घ्या. आजीचं कडं बावीस कॅरेटचं असू शकतं. पण त्यावर हॉलमार्कचा शिक्का नसेल, तर शिक्का बघून माल घेणाऱ्याच्या दृष्टीने ते नुसतंच पिवळं कडं आहे. एक्सक्वेरीत एलिमेंटचा टाइप म्हणजे हा शिक्का. फाइल वाचल्यावर मेमरीत प्रत्येक एलिमेंटचा एक नोड बनतो, त्या नोडवर एका टाइपचं नाव लावलेलं असतं, आणि टाइप जुळवताना प्रोसेसर ते नाव वाचतो. आत ‘९५०’ लिहिलंय, म्हणजे हा आकडा दिसतोय, असा विचार तो करत नाही. शिक्का लागतो तो व्हॅलिडेशनमध्ये, आणि तेही क्वेरी चालवणाऱ्या प्रोसेसरने स्वतः ते व्हॅलिडेशन केलं असेल किंवा आधीच्या टप्प्याकडून तो टाइप लागलेला नोड हातात घेतला असेल तरच. तुम्ही बाहेर वेगळ्या टूलने फाइल तपासलीत, तेव्हा त्या टूलने कसोटीवर घासून ‘माल चोख आहे’ असं तोंडी सांगितलं. शिक्का कुठेच उमटला नाही. फाइल डिस्कवर होती तशीच राहिली आणि क्वेरीने ती नव्याने वाचली.

असा शिक्का नसलेल्या एलिमेंटवर ‘एक्सएस:अनटाइप्ड’ हे नाव असतं, आणि त्याची किंमत काढली की ती ‘अनटाइप्ड-ॲटॉमिक’ म्हणून येते. अनटाइप्ड हा डेसिमलपासून निघालेला टाइप नाही. म्हणून तुमच्या फंक्शनच्या दारावरच ती किंमत अडते. एररचा कोड एक्सपीटीवाय०००४ असेल. प्रोसेसर इथे नियमाप्रमाणेच वागतोय.

आता दुसरी तक्रार. माझ्या मते ती जास्त गंभीर आहे, कारण तिथे एरर येतच नाही.

अनटाइप्ड किमतीचं काय करायचं हे एक्सक्वेरीत प्रत्येक ठिकाणी वेगळं ठरलंय. तीन पुस्तकं घ्या: ९५, ४५०, १०००. त्यांच्या किमतींवर कमाल काढणारं ‘मॅक्स’ फंक्शन चालवलंत, तर उत्तर १००० येईल, कारण मॅक्स, मिन आणि सम ही फंक्शन्स अनटाइप्ड मजकूर डबलमध्ये (संगणकाच्या अंदाजे दशांश आकड्यात) बदलून घेतात. पण क्रम लावणारं ‘ऑर्डर बाय’ तोच मजकूर स्ट्रिंग, म्हणजे नुसती अक्षरं, समजतं. स्ट्रिंग म्हणून पाहिलं तर ९५ सगळ्यात मोठा, कारण पहिलं अक्षर ९, मग ४५०, आणि १००० सगळ्यात शेवटी. तोच डेटा, तीच क्वेरी. एक ओळ सांगते सर्वात महाग पुस्तक हजाराचं, दुसरी सांगते पंचाण्णवचं. तुमच्या पडद्यावर दिसलं ते हेच.

तुलनेतही असंच आहे. ‘किंमत > १००’ असं लिहिलंत तर उजव्या बाजूला खरा आकडा असल्यामुळे डावी बाजू डबल होते आणि उत्तर बरोबर येतं. म्हणून लोकांना वाटतं, सगळं नीट चाललंय. पण ‘किंमत > सवलतीची-किंमत’ असं लिहिलंत आणि दोन्ही बाजू फाइलमधूनच आल्या असतील, तर दोन्ही अनटाइप्ड, आणि दोन अनटाइप्डची तुलना स्ट्रिंग म्हणून होते. १००० ची सवलतीची किंमत ९५० असली, तरी ‘१०००’ हा ‘९५०’ पेक्षा लहान ठरतो. छापील किमतीपेक्षा सवलतीची किंमत जास्त असलेली चुकीची पुस्तकं शोधायला तुम्ही ही तुलना वापरत असाल, तर बरोबर नोंदी चुकीच्या ठरतील आणि काही खरोखर चुकीच्या नोंदी निसटतील.

काही जण सल्ला देतात की चिन्हांऐवजी ‘जीटी’ (मोठा), ‘ईक्यू’ (समान) हे शब्दांचे ऑपरेटर वापरा, ते कडक आहेत. हा सल्ला अर्धाच कामाचा आहे. ‘किंमत जीटी १००’ अनटाइप्ड डेटावर एरर देतं, कारण तिथे अनटाइप्ड स्ट्रिंग होतो आणि स्ट्रिंगची आकड्याशी तुलना चालत नाही. ही एरर मला हवीच असते, चूक लगेच दिसते. पण दोन्ही बाजू अनटाइप्ड असल्या तर हेही ऑपरेटर गपचूप स्ट्रिंगची तुलना करून मोकळे होतात.

पैशांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. अनटाइप्ड किमतीवर बेरीज-गुणाकार केला की तो डबलमध्ये होतो. डबलमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, सतराव्या दशांश स्थानी ४ चिकटतो. गंमत अशी की क्वेरीतच ०.१ + ०.२ असं लिहून तपासलंत तर नेमके ०.३ येतील, कारण क्वेरीत लिहिलेला दशांश आकडा मुळात डेसिमल असतो. म्हणून तपासताना सगळं बरोबर दिसतं आणि खऱ्या डेटावर बिघडतं. माझ्या एका जुन्या कामात दर ओळीवर कमिशन काढून ते दोन दशांशांपर्यंत आणत होतो. महिनाअखेरीला हिशेब विभागाच्या आकड्याशी काही पैशांचा फरक येई. रक्कम किरकोळ होती, पण ताळा जुळत नाही म्हणजे नाही. दोन दिवस मी कमिशनच्या सूत्रात चूक शोधत बसलो. सूत्र बरोबर होतं. अर्ध्या पैशाच्या सीमेवरचे आकडे, म्हणजे १.००५ सारखे, डबलमध्ये नेमके मावत नाहीत, किंचित कमी राहतात, आणि मग पूर्णांकन भलत्या बाजूला होतं. किंमत वाचताना लगेच डेसिमलमध्ये बदलल्यावर ताळा पैशापर्यंत जुळला. तेव्हापासून पैशाचा आकडा मी कधीच अनटाइप्ड ठेवून हिशेबाला जाऊ देत नाही.

म्हणून आता करायचं काय? हे तुमच्या प्रोसेसरवर अवलंबून आहे, आणि तुम्ही तो सांगितलेला नाही. सर्वसाधारणपणे दोन वाटा आहेत.

पहिली वाट, प्रोसेसर स्कीमा समजून घेणारा नसेल तर. बेसएक्स, एक्झिस्ट-डीबी आणि सॅक्सनची मोफत एचई आवृत्ती या गटात येतात. यांत स्कीमा क्वेरीत इम्पोर्ट करून टाइप लावता येत नाहीत. (स्कीमाविरुद्ध फाइल तपासण्याची वेगळी सोय काहींत असते, पण त्यातून होकार-नकार मिळतो, शिक्का मिळत नाही.) इथे फंक्शनचा पॅरामीटर ‘एलिमेंट(किंमत)’ एवढाच ठेवा, म्हणजे नाव तपासलं जाईल आणि टाइपचा हट्ट राहणार नाही. मग फंक्शनच्या पहिल्याच ओळीत ती किंमत ‘एक्सएस:डेसिमल(…)’ मध्ये घालून आकडा काढून घ्या आणि पुढचा सगळा हिशेब त्या आकड्यावर करा. ऑर्डर बायमध्येही तसंच: ‘ऑर्डर बाय एक्सएस:डेसिमल(किंमत)’. डेटा कुठून येतो याची खात्री नसेल, तर आधी ‘कास्टेबल ॲज’ ने विचारा, म्हणजे हा मजकूर या टाइपमध्ये बदलता येईल का. सोनाराच्या उदाहरणातली कसोटी हीच. ‘इन्स्टन्स ऑफ’ (हा या टाइपचा आहे का, असं विचारणारं) शिक्का पाहतं, ‘कास्टेबल’ आतला मजकूर घासून पाहतो. कोणी किंमत स्वल्पविराम घालून ‘१,२५०’ अशी लिहिली असेल, तर ती डेसिमलमध्ये बदलत नाही आणि एफओआरजी०००१ ही एरर येते. कास्टेबलने आधी विचारलंत तर अशी नोंद बाजूला काढून त्या पुरवठादाराला परत पाठवता येते.

या वाटेवर स्कीमा निरुपयोगी होतो का? मुळीच नाही. तो दारावरचा पहारेकरी राहतो. आत येणारी प्रत्येक फाइल तिथे तपासली जाते, म्हणून आतली क्वेरी बिनधास्त डेसिमलमध्ये बदल करू शकते. बऱ्याच कामांना एवढं पुरतं. मी स्वतः निम्म्याहून जास्त कामं अशीच करतो.

दुसरी वाट, प्रोसेसर स्कीमा जाणणारा असेल तर, उदाहरणार्थ सॅक्सनची एंटरप्राइज आवृत्ती. इथे क्वेरीच्या सुरुवातीला ‘इम्पोर्ट स्कीमा’ लिहायचं आणि डॉक्युमेंट ‘व्हॅलिडेट स्ट्रिक्ट’ मधून काढायचं. मग शिक्के लागतात, आणि तुमचं फंक्शन आहे तसं चालेल. स्कीमात किमतीवर ‘शून्यापेक्षा कमी नको, दोनच दशांश’ असे निर्बंध घातलेला स्वतंत्र टाइप असला तरी हरकत नाही. तो डेसिमलपासून निघालेला असतो, आणि ‘एलिमेंट(किंमत, एक्सएस:डेसिमल)’ मध्ये डेसिमल आणि त्यापासून निघालेले सगळे टाइप बसतात. एक लक्षात ठेवा: व्हॅलिडेट मूळ नोडवर शिक्का मारत नाही, शिक्के लागलेली नवी प्रत देतं. मूळ व्हेरिएबल जुनंच राहतं. प्रत एका नावात ठेवून पुढे नकळत मूळ नावच वापरलं गेलेलं मी अनेकदा पाहिलंय.

आता शिक्का गळून कुठे पडतो ते पाहू. एकामागून एक चालणाऱ्या टप्प्यांच्या मध्येच टाइप जुळेनासे होतात, तेव्हा बहुतेक वेळा कारण हेच असतं.

दागिना वितळवून नवा केला तर सोनं तेच राहतं, हॉलमार्क जातो. क्वेरीत तुम्ही नवा एलिमेंट घडवता, समजा व्हॅलिडेट केलेल्या यादीतून मराठी पुस्तकं गाळून नवी ‘यादी’ बनवता, तेव्हा आत कॉपी झालेल्या किमतींचं काय होईल हे ‘कन्स्ट्रक्शन मोड’ वर ठरतं. ‘स्ट्रिप’ असेल तर आतले सगळे एलिमेंट पुन्हा अनटाइप्ड होतात. ‘प्रिझर्व्ह’ असेल तर किमतीवरचा डेसिमल टिकतो, पण बाहेरची नवी ‘यादी’ ‘एनीटाइप’ (कुठलाही टाइप) राहते, कारण तिला कोणी तपासलेलं नाही. न सांगितलं तर कोणता मोड लागेल हे प्रोसेसर बदलू शकतो. म्हणून मी क्वेरीच्या डोक्यावर तो नेहमी लिहून ठेवतो. एक्सएसएलटी (एक्सएमएलचं रूप बदलायची भाषा) वापरत असाल तर तिथे न सांगता ‘स्ट्रिप’ लागतो, आणि टिकवायचं असेल तर तसं मुद्दाम लिहावं लागतं. आणि फाइलमध्ये लिहून पुन्हा वाचलं तर काहीच उरत नाही. शिक्के मेमरीतल्या नोडवर असतात, फाइलच्या मजकुरात त्यांना जागा नाही. फाइलमध्ये एलिमेंटच्या खुणेतच ‘एक्सएसआय:टाइप’ ही जोडमाहिती (ॲट्रिब्यूट) लिहिली की काम होईल, असं काहींना वाटतं. तेही नाही. ते ॲट्रिब्यूट व्हॅलिडेटरला सांगतं की मला या टाइपप्रमाणे तपास. व्हॅलिडेटर आलाच नाही, तर ती नुसती लिहिलेली विनंती राहते.

स्कीमा लिहिण्याबद्दलही एक गोष्ट इथे बोलायला हवी. अनेक स्कीमे एकात एक असे लिहिलेले असतात: यादीच्या पोटात पुस्तक, पुस्तकाच्या पोटात लेखक, आणि कोणत्याच टाइपला नाव नाही. फाइल तपासायला ते चालतं, पण क्वेरीत बोलायला काही उरत नाही. ‘लेखक या टाइपचा एलिमेंट’ असं पॅरामीटरमध्ये म्हणायचं तर टाइपला नाव हवं. ‘स्कीमा-एलिमेंट(लेखक)’ म्हणायचं तर एलिमेंट सर्वात वरच्या पातळीवर घोषित असायला हवा. स्कीमा तुमच्या हातात असेल तर प्रत्येक महत्त्वाच्या टाइपला नाव द्या आणि ते वर आणून ठेवा. एलिमेंट आत राहिले तरी चालतील. स्कीमा दुसऱ्याकडून येत असेल, तर आधी पाहा की त्यातले कोणते टाइप नावाचे आहेत, आणि फंक्शन तेवढ्यांपुरतीच लिहा.

एकाच नावाचे एलिमेंट वेगवेगळ्या पालकांखाली वेगळ्या टाइपचे असू शकतात. पुस्तकाखालचं ‘नाव’ वेगळं, लेखकाखालचं ‘नाव’ वेगळं. पण एकाच पालकाखाली एकाच नावाचे दोन एलिमेंट दोन टाइपचे असायला एक्सएमएल स्कीमा परवानगी देत नाही. एकाच पुस्तकाखाली रुपयांतली किंमत दोन दशांशांची आणि येनमधली किंमत पूर्णांकी, असं हवं असेल तर २००१ च्या स्कीमा १.० मध्ये ते बसत नाही. २०१२ च्या १.१ मध्ये चलनाचं ॲट्रिब्यूट पाहून टाइप निवडायची सोय आली. तुमच्या व्हॅलिडेटरला १.१ येतं का ते मात्र आधी पाहा. रिलॅक्स एनजी ही दुसरी स्कीमा-भाषा या दृष्टीने जास्त मोकळी आहे आणि प्रकाशनक्षेत्रात बरीच वापरली जाते, पुस्तकं आणि दस्तऐवज लिहायच्या डॉकबुक ५ या एक्सएमएल प्रकाराची अधिकृत व्याख्याच तिच्यात आहे. पण ती डॉक्युमेंट बसतं की नाही एवढंच सांगते, नोडवर टाइपचं नाव लावत नाही. तिच्या आधारावर क्वेरीत टाइप मागू नका.

आता थोडं उलटं. समजा तुम्ही दुसऱ्या वाटेने गेलात, सगळीकडे शिक्के लागले. तेव्हा आधी नीट चालणाऱ्या क्वेऱ्या मोडायला लागतील, आणि हे मी आधीच सांगून ठेवतो, म्हणजे घाबरून परत फिरणार नाही.

सगळ्यात जास्त मोडतात त्या तारखा. ‘@दिनांक = "२०२४-०१-०५"’ ही तुलना अनटाइप्ड डेटावर चालत होती, स्ट्रिंगची स्ट्रिंगशी. आता दिनांक ही ‘एक्सएस:डेट’ झाली आणि उजवीकडे अजून स्ट्रिंगच आहे. पुन्हा एक्सपीटीवाय०००४. उजवी बाजू ‘एक्सएस:डेट(…)’ मध्ये घाला. ‘किंमत = ""’ अशी रिकामी किंमत शोधणारी ओळही याच कारणाने मोडेल. त्यानंतर येतात पोटात फक्त एलिमेंट असलेले एलिमेंट. ‘पुस्तक’ हा तसाच. अनटाइप्ड असताना ‘कंटेन्स(पुस्तक, "कोश")’ लिहिलं तर आतला सगळा मजकूर जोडून शोध होई. व्हॅलिडेट झाल्यावर प्रोसेसर म्हणतो, या टाइपला एक अशी किंमतच नाही, आणि एफओटीवाय००१२ देतो. तिथे ‘स्ट्रिंग(पुस्तक)’ लिहा, म्हणजे तुम्हाला मजकूर हवाय हे स्पष्ट होईल. आणि स्कीमात ‘नील’ चालत असेल, म्हणजे किंमत जाहीर व्हायची आहे म्हणून एलिमेंट रिकामा सोडलेला असेल, तर तो ‘एलिमेंट(किंमत, एक्सएस:डेसिमल)’ मध्ये बसत नाही. टाइपच्या पुढे प्रश्नचिन्ह लावावं लागतं. या प्रश्नचिन्हाचा अर्थ ‘किंमत असेल किंवा नसेल’ असा नाही, तर ‘किंमत आहे, पण नील असू शकते’ असा आहे. कंसाबाहेरचं प्रश्नचिन्ह वेगळं.

या मोडतोडीकडे त्रास म्हणून पाहू नका, असं मी मनापासून सांगेन. प्रत्येक ठिकाणी आधी अंदाजाने चाललेलं काहीतरी आता तुम्हाला स्पष्ट लिहावं लागतंय.

तुम्ही शेवटी सहज लिहिलंय की हाच डेटा पुढे एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसमध्येही जातो. तिथे अजून एक थर येतो: स्टॅटिक टायपिंग. क्वेरी चालवण्याआधीच, डेटा न पाहता, प्रोसेसर प्रत्येक भागाचा टाइप आणि किती आयटम येऊ शकतील याचा अंदाज बांधतो. हा अंदाज नेहमी सावध असतो. एक्सएमएलमधून एक किंमत काढून देणाऱ्या ‘व्हॅल्यू’ पद्धतीला एकच आयटम हवा असतो. ‘/यादी/पुस्तक/किंमत’ मधून अनेक येऊ शकतात, म्हणून तुमच्या फाइलमध्ये प्रत्यक्षात एकच किंमत असली तरी ते ‘सिंगलटन हवा’ म्हणून नकार देतं. उपाय बहुतेकांना माहीत असतो, शेवटी चौकोनी कंसात १ लावायचा. पण कंस कुठे लावता त्याला अर्थ आहे. ‘/यादी/पुस्तक/किंमत[१]’ म्हणजे प्रत्येक पुस्तकाची पहिली किंमत, त्या अनेक असू शकतात, एरर तशीच राहील. ‘(/यादी/पुस्तक/किंमत)[१]’ म्हणजे सगळ्यांतली पहिली, ती एकच. कॉलमला स्कीमा कलेक्शन (डेटाबेसमध्ये साठवलेले स्कीमे) जोडलंत तर अंदाज सुधारतो, पण तिथेही मूळ एलिमेंट एकच आहे हे त्याला कळण्यासाठी कॉलम घोषित करताना ‘डॉक्युमेंट’ हा शब्द लिहावा लागतो. नाहीतर तो धरून चालतो की वरच्या पातळीवर कितीही एलिमेंट असू शकतात. आणि ‘क्वेरी’ पद्धतीतून जे एक्सएमएल बाहेर येतं ते तिथे अनटाइप्डच असतं, कॉलम टाइप्ड असला तरी. वितळलेल्या दागिन्याची गोष्ट पुन्हा तीच.

इथवरचं थोडक्यात: व्हॅलिड असणं मजकुराबद्दल आहे, टाइप नोडवरच्या नावाबद्दल आहे. नाव व्हॅलिडेशनमध्ये लागतं, नवा एलिमेंट घडवताना किंवा फाइलमध्ये लिहिताना जातं, आणि नाव नसेल तर प्रत्येक ऑपरेटर आपापल्या नियमाने अंदाज करतो.

आकड्यांबद्दल म्हणालो होतो ते आता. मराठी डेटावर काम करणाऱ्यांना हे विशेष उपयोगी आहे. एक्सएस:इंटिजर आणि एक्सएस:डेसिमल यांना फक्त इंग्रजी अंक चालतात. देवनागरीत ‘४५०’ लिहिलं तर व्हॅलिडेशन नापास, आणि ते चांगलंच आहे. पण पिनकोड, आयएसबीएन असल्या गोष्टी आपण स्ट्रिंग ठेवून त्यांना पॅटर्न लावतो, आणि पॅटर्नमध्ये सवयीने बॅकस्लॅश-डी लिहितो, ‘सहा अंक’. एक्सएमएल स्कीमात बॅकस्लॅश-डी म्हणजे युनिकोडमधला कुठलाही दशांश अंक. त्यामुळे देवनागरीतला ‘४११०३०’ आणि इंग्रजी अंकांतला तोच पिनकोड, दोन्ही व्हॅलिड ठरतात. पण क्वेरीत जोडणी करताना ते दोन वेगळे स्ट्रिंग असतात आणि एकमेकांना कधीच सापडत नाहीत. माझ्याकडे एका यादीत पुण्यातली काही दुकानं अशी ‘हरवली’ होती. नोंदी व्हॅलिड, पत्ते बरोबर, पण अहवालात नाहीत. कोणीतरी मराठी कीबोर्ड चालू ठेवून पिनकोड भरला होता. पॅटर्नमध्ये बॅकस्लॅश-डी काढून इंग्रजी शून्य ते नऊ असा स्पष्ट पल्ला लिहा. एलिमेंटची नावं देवनागरीत ठेवायला मात्र काहीच हरकत नाही. एक्सएमएलच्या १९९८ च्या पहिल्या प्रमाणापासून ती चालतात, आणि मी स्वतः ती वापरतो.

तुमच्या बाबतीत नेमकं काय झालंय हे ठरवायला एक छोटी तपासणी करा. फंक्शन बोलावण्याच्या अगदी आधीच्या ओळीवर ती किंमत घेऊन विचारा: ही ‘इन्स्टन्स ऑफ एलिमेंट(*, एक्सएस:अनटाइप्ड)’ आहे का? मग तोच प्रश्न डॉक्युमेंट वाचल्या-वाचल्या (व्हॅलिडेट करत असाल तर त्यातून मिळालेल्या प्रतीवर, लगेच) विचारा. दोन्हीकडे ‘हो’ आलं, तर शिक्का कधी लागलाच नाही, म्हणजे तुमचा प्रोसेसर स्कीमा जाणत नाही किंवा व्हॅलिडेट राहून गेलंय. तेव्हा पहिल्या वाटेने जा. वर ‘नाही’ आणि खाली ‘हो’ आलं, तर मधल्या कुठल्यातरी ओळीत नवा एलिमेंट घडतोय. दोन्हींच्या मधोमध हाच प्रश्न टाकत गेलात तर तीन-चार फेऱ्यांत ती ओळ सापडेल. दोन्हीकडे ‘नाही’ आलं आणि तरीही फंक्शन अडलं, तर ‘इन्स्टन्स ऑफ एलिमेंट(किंमत, एक्सएस:डेसिमल?)’ विचारून पाहा. तिथे ‘हो’ आलं तर किंमत नील आहे. तिथेही ‘नाही’ आलं तर प्रोसेसरचं नाव आणि स्कीमातली किमतीची व्याख्या इथे टाका, मी पाहतो.